श्वास माझा, पेटी गोपीदादांची

माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलीच्या काकांनी माझ्या मामाला विचारलं, "मुलगा नोकरी सांभाळून कार्यक्रमही करतो म्हणे. गातो का?"

"नाही," मामा म्हणाला.

"वाजवतो?"

"छे."

"मग स्टेजवर करतो काय?"

मामानं पानाचा विडा या गालातून त्या गालात सरकवला. "तो बोलतो. मागे पेटी वाजते."

"म्हणजे कीर्तन."

"तसंच म्हणा. फक्त देव नसतो त्यात."

मुलगी मिळाली ती नोकरीमुळे, हे मला ठाऊक आहे. ठाण्यातल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी कारकून होतो. मुरबाडकडच्या शाळेत शिकून कल्याणच्या कॉलेजातून बी.ए. झालेला, घरातला पहिला. पण आज नोकरीतून निवृत्त झाल्यावर लोक मला विचारतात ते टाइम ऑफिसबद्दल नाही. "तुमचा तो बोलण्याचा कार्यक्रम" कसा असायचा, हेच विचारतात. तेव्हा तेच सांगतो.

कविता संगीतावर बोलायची म्हणजे ती गायची नाही. इथंच नवशिके फसतात. मागे सूर लागला की जीभ त्याच्यामागे घसरत जाते आणि कवितेचं अर्धवट भजन होतं. बोलणाऱ्यानं आपल्या रोजच्या आवाजातच राहायचं. पेटीनं खाली एक सूर धरून ठेवायचा, जमिनीसारखा. बोलणारा श्वास घ्यायला थांबला की त्या फटीत पेटीनं दोन पावलं पुढं यायचं आणि शब्द सुरू व्हायच्या आत मागं सरायचं. गाणाऱ्यानं कवितेतला एक शब्दही उचलायचा नाही, नुसता आलाप घ्यायचा. शब्द ऐकून माणसाच्या मनात जे राहिलं असेल, ते त्यात यायला हवं. सगळा धंदा त्या श्वासाच्या फटीत आहे. फट चुकली की कविता आणि पेटी दोघंही एका दारातून घुसू पाहणाऱ्या जाड्या माणसांसारखी अडकतात.

हा शोध माझा नव्हे. तो लागला डोंबिवलीत, एका गणेशोत्सवात. भावगीतांच्या कार्यक्रमाआधी वेळ काढायला "आपले स्थानिक कवी" म्हणून मला उभं केलं होतं. मी माझ्या शाळेचे, हेडमास्तरांचे, कॉलेजचे आणि मंडळाचे आभार मानून कविता सुरू केली. मागे भावगीतवाल्यांचे पेटीवादक केव्हाचे बसून होते. दुसऱ्या कडव्याला माझ्या पाठीमागून हळूच एक सूर आला. मी थांबलो की तो वर यायचा, बोलू लागलो की खाली जायचा. कविता संपली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला लोकांनी मनापासून टाळ्या दिल्या. मी वळून त्या गृहस्थांना वाकून नमस्कार केला.

"फार आभारी आहे. तुम्ही मला साथ केलीत."

"साथ कसली रं," ते म्हणाले, "मी तुला आटपायला लावत होतो. आमच्या गायकाचा घसा सुकला बसून."

हे गोपीदादा. ठाण्याच्या कोळीवाड्यातले. वडील खाडीत जाळं टाकायचे. यांनी मात्र पत्रे दाबण्याच्या कारखान्यात प्रेसवर उमेदीची वर्षं घालवली आणि संध्याकाळी पेटी वाजवली. बुटके, गोल, आणि स्वतःच्या वाजवण्याबद्दल त्यांना तिळभरही शंका नसे. माझ्याशी शहरी मराठीत बोलायला सुरुवात करायचे आणि वाक्य संपेपर्यंत कोळीवाड्यात पोचायचे. त्या दिवसापासून आम्ही एकत्र आलो. पुढे कल्याणच्या शोभाताई येऊन मिळाल्या. त्यांच्या वडिलांची चाळीत गायन पार्टी होती, त्यामुळे हजार माणसांसमोर खुल्या मैदानात उभं राहण्याची त्यांना लहानपणापासून सवय. त्यांचा आवाज जरा घोगरा, पण आलाप घेतला की मंडपातली मुलंसुद्धा खुर्च्या ओढायची थांबत. एप्रिल महिना आला की शोभाताई आमच्या नसायच्या. जयंतीचे कार्यक्रम संपेस्तोवर आम्ही दोघं पुरुष आपलं नुसतं बोलायचो नि वाजवायचो, आणि लोक विचारायचे, "त्या ताई कुठायत?" माझ्याबद्दल कोणी तसं विचारल्याचं मला आठवत नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. कोनगावाकडे एका हळदीला बोलावलं, तर नवऱ्याच्या काकांची अट अशी की प्रत्येक कवितेत नवऱ्या मुलाचं नाव आलं पाहिजे. मुलाचं नाव पंढरीनाथ. मी दुष्काळावरच्या कवितेत पंढरीनाथाला पाऊस बघत बसवला, आईवरच्या कवितेत जन्माला घातला, आणि वियोगाच्या कवितेत त्याला परगावी पाठवला तेव्हा मुलीकडच्या बायका काळजीत पडल्या. आईवरची कविता तर सगळीकडे लागायचीच. संयोजक तारीख ठरवताना आधी विचारत, "आई आहे ना?" एकदा फोनवर मी भाबडेपणानं "हो, आहे, गावी असते" असं उत्तर दिलं होतं.

सगळ्यात अवघड म्हणजे डोंबिवलीच्या सोसायट्यांमधले सत्यनारायण. माईक एकच. मी विरहाच्या टोकाला पोचलेला असताना सेक्रेटरी येऊन माझ्या हातातून माईक घेत, "बी विंगची टाकी भरून वाहतेय, कृपया पंप बंद करावा." एकदा गोपीदादांनी अशा सूचनेखाली इतका करुण सूर धरला की लोकांनी टाकीला टाळ्या दिल्या. खाली उतरल्यावर ते मला म्हणाले, "बग, त्यानं आभार मानले नाय. सरळ मुद्द्यावर आला. शिक."

असं पुष्कळ वर्षं चाललं. मग नव्वद सालानंतर कधीतरी गोपीदादांच्या पेटीचं बिनसू लागलं. कधी सूर उशिरा यायचा, कधी फार मोठा. मी म्हटलं, वय झालं. त्यांचे केस तोवर पांढरे झाले होते. आणि त्याच सुमारास कीबोर्ड नावाचं यंत्र गल्लोगल्ली आलं होतं. एका बोटाखाली बासरी, दुसऱ्या बोटाखाली सनई आणि पायाखाली अख्खा वाद्यवृंद. पेटीवाल्यांकडे लोक बैलगाडीवाल्यासारखे बघू लागले.

विठ्ठलवाडीला एका वाचनालयाच्या वर्धापनदिनाला आमचा कार्यक्रम होता. प्रमुख पाहुणे लिमये साहेब. ठाण्यातल्या एका मोठ्या सांस्कृतिक मंडळाचे ते कार्यवाह होते आणि ठाणे, डोंबिवली, कल्याण अशी वर्षभराची कार्यक्रमांची मालिका ते आखत होते. ती आम्हाला मिळाली तर सोसायटीच्या टाक्यांमधून आमची सुटका होणार होती. "पाहुण्यांना घाई आहे, तर सत्कार आधी उरकून घेऊ," असं म्हणून वाचनालयाच्या अध्यक्षांनी माझ्या अंगावर शाल घातली. चांगली जाड, लोकरीची शाल. आता सांगा, ज्या घरात कोणाचा कधी सत्कार झाला नाही त्या घरातला मुलगा अंगावरची शाल लगेच काढून ठेवील? मला तो देणाऱ्याचा अपमान वाटला. मी ती गळ्यापर्यंत लपेटून घेतली आणि कार्यक्रमाला बसलो.

तो आमचा सगळ्यात वाईट कार्यक्रम. मी ओळीच्या मध्यावर असताना पेटी उसळून वर यायची, आणि मी श्वास घेतला की मेल्यासारखी पडून राहायची. शेवटच्या कवितेत तर माझी दोन कडवी बाकी असतानाच गोपीदादांनी तिहाई घेतली. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समाप्ती करणं. ती ऐकली की संपलं, हे लोकांना कोणी शिकवावं लागत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चपला शोधू लागले. मी उरलेली दोन कडवी उठणाऱ्या पाठींना ऐकवली.

स्टेशनाबाहेरच्या वड्याच्या गाडीवर आम्ही तिघं उभे राहिलो. मी रागावलो होतो, पण गोपीदादांवर रागवायची मला सवय नव्हती.

"दादा, आज काय झालं?"

"मना काय विचारतंस? तूच आज पोत्यात बसला होतास."

"पोत्यात?"

"मग काय! बटाट्यासारखा." आणि ते मिरची मागायला गाडीवाल्याकडे वळले.

शोभाताईंनी माझी बाही ओढली. हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, ते तुमचा खांदा बघतात."

"काय?"

"उजवा खांदा. तुम्ही श्वास घेता तेव्हा तो वर जातो. त्यावर ते पेटी धरतात. मला दोन वर्षं झाली कळून. माझ्या आलापाला मी बोटं हलवते, बघितलं नाही का तुम्ही? आज शालीत खांदा दिसला नाही, तर ते काय करणार?"

"पण खांदा कशाला? ऐकू..." आणि माझं लक्ष गाडीकडे गेलं. गाडीवाला दोनदा विचारत होता, "तळलेली की कच्ची?" गोपीदादा त्याच्याकडे बघून हसत नुसती मान हलवत होते. प्रेसच्या खात्यात इतकी वर्षं उभा राहिलेला माणूस. आमच्याही कारखान्यात प्रेसच्या दणदणाटातून हजेरीला येणारे सगळेच मोठ्यानं बोलतात, हे मी टाइम ऑफिसात रोज पाहत होतो.

मी त्यांच्या समोर जाऊन तोंड दाखवत विचारलं, "दादा, ऐकू येतं का तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शोभाताईंकडे. वडा संपवला. कागद चुरगळून टाकला.

"तुज्या कविता ऐकण्यासारख्या असत्या तर मी कान सांभाळले नसते?" ते म्हणाले. मी हसलो नाही. तेव्हा आवाज खाली आणत, म्हणजे त्यांना खाली वाटला इतका खाली आणत, ते म्हणाले, "जाडे सूर येतात अजून. पेटी मांडीला लागून असते, ती गुणगुणली की कळतं. बारीक काय नाय येत. तू बोलतंस ते तर कायच नाय. घरी सांगू नको हां. सुनेला कळलं तर पेटी माळ्यावर टाकील नि मना मच्छीच्या पाट्या उचलायला लावील."

आठवड्यानं लिमये साहेबांचा निरोप आला म्हणून मी त्यांना भेटायला ठाण्याला गेलो. त्यांनी चहा दिला, कवितांचं कौतुक केलं आणि म्हणाले, "मालिका तुम्हालाच द्यायचा विचार आहे. मात्र त्या पेटीवाल्या आजोबांना आता विश्रांती द्या. माझ्या पाहण्यात एक तरुण कीबोर्डवाला आहे."

ते चुकीचं बोलत नव्हते, त्यांनी पाहिलं तेच ते सांगत होते. कान गेल्याचं सांगितलं असतं तर ठाणे-कल्याणात गोपीदादांना दुसऱ्या दिवसापासून कोणी पेटीला हात लावू दिला नसता. मी म्हणालो, "साहेब, पहिला कार्यक्रम पेटीवर होऊ द्या. पसंत पडला नाही तर कीबोर्ड आणू." लिमये साहेबांनी चष्मा पुसला. "ठीक. पण एकच."

ही अट मी गोपीदादांना त्यांच्या तोंडासमोर उभं राहून सांगितली. ते बराच वेळ पेटीच्या पट्ट्यांवरून फडकं फिरवत राहिले. "कीबोर्डला सूनबाई असते क?" एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "उद्यापासून सकाळी ये. सून बाजारात जाते तवा."

त्या महिनाभरात मी खांद्यानं कविता म्हणायला शिकलो. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण ते सोपं नव्हतं. छोटा श्वास म्हणजे खांदा किंचित, मोठा म्हणजे पुरता वर. कवितेचा शेवट आला की खांदा सावकाश खाली सोडायचा. समोर बसून गोपीदादा ओरडायचे, "आरं, उचल! तुजा खांदा हाय का खुंटी?" शोभाताई हसून हसून भिंतीला टेकायच्या. "भाऊ, तुम्ही कविता वाचताय की कावड उचलताय?" शेवटी आम्ही असं ठरवलं की मी प्रेक्षकांकडे तोंड करून बसायचंच नाही. त्यांच्याकडे कूस करून, गोपीदादांच्या समोर आडवं बसायचं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी लिमये साहेबांनी ती बैठक पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "कवींनी रसिकांकडे बघायला नको का?"

"नवीन पद्धत आहे, सर," शोभाताई गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या. पुढे खरोखरच डोंबिवलीत दोन-तीन तरुण कवी आडवे बसून वाचू लागले. त्यामागचा विचार काय, असं एकानं मला परिसंवादात विचारलंही होतं.

सभागृह भरलेलं होतं. हळदीच्या मांडवातून आलेल्या आम्हा तिघांना इतकी शांत, इस्त्रीची माणसं समोर पाहायची सवय नव्हती. मी फक्त मलमलीचा सदरा घातला होता. पहिली कविता झाली, दुसरी झाली. पेटी प्रत्येक फटीत नेमकी आली आणि नेमकी गेली. टाळ्या पडत होत्या. टाळ्या पडल्या की गोपीदादा प्रेक्षकांच्या हातांकडे बघत आणि माझ्याकडे पाहून भुवई उडवत.

शेवटची कविता नवी होती, माझ्या वडिलांवरची. ते मुरबाडच्या बाजारात मापाडी होते. धान्य मोजताना पहिल्या मापाला मापाडी एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. त्या मोजण्याला एक हेल असतो, आणि तो हेल मी लहानपणापासून झोपेतही ऐकला होता. कवितेत मी तसंच मोजत जात होतो. पेटी खाली धरलेली, शोभाताईंचा आलाप दोन मापांच्या मधे येणारा.

लाभ… दोन… तीन…
रास दुसऱ्याची, गळा बापाचा.
चार… पाच… सहा…
धूळ पोराच्या पाटीवर.
रात्री आईनं घरचं मापटं पुढं केलं
तेव्हा बाप मोजायचं विसरला.

या शेवटच्या ओळीनंतर तिहाई घ्यायची नाही, असं आमचं ठरलं होतं. मी खांदा खाली सोडायचा आणि खांद्याबरोबर त्यांनी पेटीचा सूर विझवत न्यायचा. मी खांदा सोडला. गोपीदादांनी भाता इतका सावकाश मिटला की सूर नेमका कुठे संपला हे माझ्या चांगल्या कानांनाही कळलं नाही.

आणि टाळ्या पडल्या नाहीत.

कोणी खोकलं नाही, खुर्ची वाजली नाही. असली शांतता बोलणाऱ्याच्या वाट्याला जन्मात एखादवेळी येते. मी ती डोळे मिटून ऐकत होतो. पण शांतता ऐकायलाही कान लागतात. गोपीदादांना फक्त दिसत होतं. शेकडो माणसं, आणि सगळ्यांचे हात मांडीवर. मी डोळे उघडले तेव्हा ते पेटीच्या भात्याची कडी लावत होते. चेहरा पार उतरला होता. विठ्ठलवाडीसारखंच पुन्हा झालं, आपण कुठंतरी भलतीकडे घुसलो, असं ते धरून चालले होते. मी मान हलवून नाही, नाही म्हणत होतो. त्यांना तेही "नाही जमलं" असंच वाटलं असणार. त्यांनी माझ्याकडे बघून दोन्ही तळवे वर केले, जाऊ दे, आता आणा तुमचा कीबोर्ड, अशा अर्थानं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून लिमये साहेब उठून रंगमंचावर आले. त्यांना बहुधा समारोपाचे चार शब्द बोलायचे होते. पण त्यांनी माईक घेतलाच नाही. चष्मा हातात, डोळे भरलेले. ते सरळ गोपीदादांपाशी गेले, खाली वाकले आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

गोपीदादांनी त्यांच्या त्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं. मग माझ्याकडे वळून, त्यांना स्वतःला हळू वाटलेल्या आवाजात, पेटीच्या चालू माईकसमोर त्यांनी विचारलं,

"याला काय झालं रं? कोन गेलं याचं?"

एक क्षण कोणाला काही कळलं नाही. मग मागच्या रांगेतून हसू फुटलं, ते पुढे आलं, लिमये साहेबही डोळे पुसत हसू लागले. आणि त्या हसण्यातूनच टाळ्या सुरू झाल्या. थांबेचनात. गोपीदादांना हात दिसले. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते हात. ते ती सगळी हालचाल तोंड उघडं ठेवून बघत राहिले, आणि मग माझ्याकडे झुकून म्हणाले,

"उशिरा पडल्या. तुजी कविता उतरायला वेळ लागतो लोकांना."

मला हसू आवरेना, आणि त्याबरोबर दुसरंही काहीतरी आवरेना. माझे दोन्ही खांदे गदगदू लागले. गोपीदादांनी ते पाहिलं, घाईनं लिमये साहेबांच्या हातांतून आपले हात सोडवून घेतले, भात्याची कडी काढली आणि सूर धरला.

पुढची कविता नव्हतीच. माझ्याजवळ एक ओळही उरली नव्हती. शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं, तोंडावर पदर धरून हसू दाबलं आणि आलाप सुरू केला. उठलेली माणसं परत खाली बसली. लिमये साहेब तिथंच, रंगमंचाच्या कडेला, पेटीशेजारी मांडी घालून बसले. कीबोर्डचं नाव त्यानंतर त्यांनी कधी काढलं नाही.

मी काहीच बोलत नव्हतो. गोपीदादा मात्र पेटी वाजवता वाजवता माझ्या उजव्या खांद्याकडे बघत होते, वाट बघत. म्हणून मी मोठा श्वास घेतला.